मध्यंतरातला वाद आणि पहिल्या रांगेतला तोरा

शास्त्रीय संगीताच्या मैफलीला मध्यंतर झालं की गाणं थांबतं आणि निकाल सुरू होतात. "तानपुरेच नीट लागले नव्हते." "तासभर गायला, पण राग कुठे दिसला?" "हल्ली काय, दोन सरगमा मारल्या की टाळ्या." "जयपूरवाले असं कधीच गाणार नाहीत." चहाच्या टेबलाभोवती ही वाक्यं उडत असतात. बोलणारी माणसं बहुतेक वेळा सज्जन असतात. त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं, पदरमोड करून संगीत मंडळं चालवलेली असतात, सतरंज्या घातलेल्या आणि उचललेल्या असतात. पण त्याच टेबलाशी कोणी पहिल्यांदाच आलेला श्रोताही कप धरून उभा असतो. त्याला नुकतंच काहीतरी फार आवडलेलं असतं आणि ते बोलून दाखवावंसंही वाटत असतं. ही वाक्यं ऐकल्यावर तो गप्प बसतो, आणि पुढच्या मैफलीला येत नाही. छंदाच्या सगळ्याच वर्तुळांत असं थोडंफार होतं. गिर्यारोहणात होतं, छायाचित्रणात होतं. गाणं ऐकण्याच्या छंदात ते जास्त होतं, कारण इथे हातात दाखवायला काही नसतं. गिर्यारोहकाला कडा चढून दाखवावा लागतो. श्रोत्याला नुसती मान डोलवूनही निभावून नेता येतं.

अशा वर्तुळात राहायचं, मतभेद करायचे, तोऱ्याला तोंड द्यायचं आणि तरी गाण्याची गोडी टिकवायची, हे कसं साधावं? माझ्या मते याला एकच कसोटी पुरते. गाण्याबद्दलचं कोणतंही विधान कानाने पडताळता आलं पाहिजे. कोणी म्हणालं, "हे चुकलं", तर काय ऐकलं असता ती चूक कळेल, हे त्याला सांगता यायला हवं. कोणी म्हणालं, "हे थोर आहे", तर कुठे कान द्यायचा तेही सांगता यायला हवं. ते सांगता आलं तर समोरचा माणूस कितीही कडक बोलत असो, त्याच्यापासून शिकण्यासारखं आहे. ते सांगता आलं नाही, तर आवाज कितीही खालचा आणि शब्द कितीही सभ्य असले तरी तो तोरा आहे. म्हणून सल्ला एवढाच की वाद माणसांवरून, घराण्यांवरून आणि वयावरून काढून कानापर्यंत आणा. हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात कसं करायचं ते पाहू.

ललित रागाचं उदाहरण घ्या. पहाटेचा राग, दोन्ही मध्यम एकापाठोपाठ एक लागतात, पंचम नाही. त्याचा धैवत कोमल की शुद्ध, यावर श्रोत्यांमध्ये हमरीतुमरी होऊ शकते. आज बहुतेक ठिकाणी ऐकू येतो तो कोमल धैवताचा ललित. पण पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपल्या दहा ठाटांच्या मांडणीत ललित घातला तो मारवा ठाटात, म्हणजे शुद्ध धैवत धरून. आता पुस्तक वाचलेला माणूस म्हणणार, गायक चुकला; मैफली ऐकलेला म्हणणार, पुस्तक चुकलं. खरं तर दोघांकडेही माहिती आहे आणि दोघांचीही अर्धीच आहे. इथे "कोण बरोबर?" या प्रश्नाने काहीच हाती लागत नाही. "शुद्ध धैवताने ललिताचं काय होतं?" असं विचारलं की मात्र ऐकायला काहीतरी मिळतं. शुद्ध धैवत लागला की राग मारवा, पूरिया यांच्या शेजारी जाऊन बसतो, आणि त्यांच्यापासून वेगळं राहण्याचा भार बराचसा त्या जोडमध्यमांवर पडतो. कोमल धैवत लागला की कोमल ऋषभाला सोबती मिळतो आणि पहाटेचा रंग गडद होतो. हा फरक नवख्या कानालाही दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावली तर कळतो. मग आवडनिवड ज्याची त्याची. पण तोपर्यंत दोघांच्याही पदरात काहीतरी पडलेलं असतं.

असे राग पुष्कळ आहेत. तिलककामोदात इतरत्र शुद्ध निषादावर भागतं, तर जयपूर घराण्यात कोमल निषादही लागतो. गौडमल्हार शुद्ध गांधाराचा आणि कोमल गांधाराचा, दोन्ही प्रकारांनी नोंदलेला आहे. म्हणून "चुकला" हा शब्द ओठांवर आला की आधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी: कोणाच्या परंपरेप्रमाणे चुकला? हा प्रश्न शांतपणे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारला तर वादाचा सूर बदलतो, कारण जाणकार माणसाला उत्तर द्यायला आवडतं आणि अर्धवट माणसाला विषय बदलावा लागतो. यात एक सावधगिरी हवी. "प्रत्येकाचा आपापला राग" असा याचा अर्थ नाही. गायकाचा षड्ज तानपुऱ्याला सोडून गेला, तर ते बेसूर आहे आणि कोणत्याही घराण्यात बेसूरच आहे. समेवर यायचं होतं आणि आला नाही, तर तो तालातला घोटाळा आहे. अशा गोष्टी ऐकून ठरवता येतात, आणि त्या मोकळेपणाने बोलल्याही पाहिजेत. ज्या वर्तुळात बेसूर गाण्यालाही सगळे "वा, वा" करतात, तिथे भांडण नसतं हे खरं; पण ऐकणंही नसतं.

ऐकू येणारा आक्षेप आणि न ऐकू येणारा आक्षेप एकत्र मिसळले की काय होतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे पेटी. हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षं देशाच्या रेडिओवर, ज्या वाद्याची साथ महाराष्ट्रातल्या घराघरांत, कीर्तनांत आणि नाटकांत होती, ते वाजलं नाही. बंदीच्या आधी खुद्द रवींद्रनाथ टागोरांनी पेटी नको म्हणून आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्राला लिहिलं होतं. म्हणजे विरोध करणारे काही सामान्य लोक नव्हते. त्यांचा एक आक्षेप पूर्णपणे ऐकू येण्याजोगा होता: पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, मींड निघत नाही, दरबारीचा झुलता कोमल गांधार पेटीत सापडत नाही. हे खरंच आहे. गायकाच्या मागे पेटी आणि सारंगी पाळीपाळीने ऐकली की कोणालाही पटेल. पण दुसरा आक्षेप होता की वाद्य परदेशी आहे. तो कानाने कसा पडताळणार? व्हायोलिनही परदेशीच होतं. कर्नाटक संगीताने ते मांडीवर घेतलं, खांद्याऐवजी छातीशी आणि पायाशी टेकवून वाजवलं, आणि त्याच्याविना तिथली मैफल आज सहसा होत नाही. व्हायोलिनवर कोणी बंदी घातली नाही. म्हणजे पेटीचा पाय घसरला तो निम्मा स्वरावरून आणि निम्मा जन्मदाखल्यावरून.

पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. ऐकू येणाऱ्या आक्षेपाला वादकांनी उत्तर दिलं. गोविंदराव टेंब्यांपासून पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंत मराठी मुलखातल्या पेटीवादकांनी बोटांच्या वजनाने, भात्याच्या दाबाने आणि कणस्वरांच्या चतुराईने मींडेचा भास निर्माण करायला शिकून घेतलं, आणि गायकाच्या मागे कुठे गप्प बसायचं हेही ठरवून टाकलं. मोजमाप कळलं की सुधारता येतं. न ऐकू येणाऱ्या आक्षेपाला मात्र कोणतंही उत्तर शक्य नव्हतं. परदेशी वाद्य कितीही चांगलं वाजवलं तरी परदेशीच राहणार. आपल्या वर्तुळात जेव्हा एखादा वाद वर्षानुवर्षं चिघळतो, तेव्हा त्यात अशी दुसऱ्या जातीची एखादी गोष्ट दडलेली आहे का, हे तपासून पाहावं. बहुधा असते.

नाट्यसंगीताकडे नाक मुरडणं हा याच जातीचा प्रकार. "नाटकातली पदं ऐकणारे" असा एक वर्ग काही दर्दी मंडळींच्या मनात असतो, आणि तो त्यांच्या खाली कुठेतरी बसतो. वस्तुस्थिती अशी आहे की १९१६ च्या 'संगीत स्वयंवर'ला संगीत दिलं भास्करबुवा बखल्यांनी, आणि त्यातल्या कित्येक चाली सरळ ख्यालाच्या बंदिशींवरून बेतलेल्या आहेत. ज्यांच्या नावाने पुण्यात १९५३ पासून देशातला एक अतिशय मानाचा संगीत महोत्सव भरतो, ते रामभाऊ कुंदगोळकर वर्षानुवर्षं रंगभूमीवर भूमिका करत होते आणि 'सवाई गंधर्व' हे नावही त्यांना रंगभूमीवरच्या गाण्यानेच मिळालं. नाटक हलकं, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी महोत्सवाचं नाव काय ठेवायचं तेही सांगावं. नाट्यपदात राग मोकळेपणाने फुलत नाही, पद आटोपशीर ठेवावं लागतं, भूमिकेचा भाव सांभाळावा लागतो, असं कोणी म्हणालं तर ते बोलणं ऐकून पडताळता येतं आणि त्यावर चर्चा होऊ शकते. "पदं ऐकणारे" या दोन शब्दांत गाण्याबद्दल काहीच नाही. फक्त माणसांची उतरंड आहे.

घराण्यांच्या अभिमानाचंही तसंच. ज्या भास्करबुवांचं नाव आपण आदराने घेतो, ते बडोद्याच्या फैजमहंमदखाँकडे, आग्रा घराण्याच्या नत्थनखाँकडे आणि नंतर जयपूरच्या अल्लादियाखाँकडे शिकले; तीन गुरू, तीन वाटा. भीमसेन जोशी किराण्याचे, पण इतरांकडून काय काय उचललं हे ते मोकळेपणाने सांगत. गायकांनी कुंपणं ओलांडली आणि श्रोते मात्र कुंपणावर पहारा देत बसले, असं हे चित्र आहे. त्याहूनही बोचरी गोष्ट अशी की जो जयपूर घराण्याचा वारसा सांगत काही मंडळी पहिल्या रांगेत बसतात, तो वारसा पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचवण्याचं केवढं मोठं काम केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी केलं. दोघी गोव्याच्या, कलावंत समाजातल्या. ज्या प्रतिष्ठित घरांनी त्या समाजाला उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याच घरांच्या दिवाणखान्यात आज त्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून दुसऱ्याची लायकी मोजली जाते. तोरा मिरवणाऱ्याला हा इतिहास तोंडावर फेकायचा नसतो. पण स्वतःला माहीत असला म्हणजे समोरच्याच्या खानदानी आत्मविश्वासाने दबून जायचं कारण उरत नाही.

"आता कोण गातंय? गाणं संपलं ते त्या पिढीबरोबर." हे वाक्य प्रत्येक पिढीत असतं आणि त्यावर वाद घालणं सगळ्यात कठीण, कारण बोलणाऱ्याच्या आठवणीला हात लावल्यासारखं होतं. तरी इथेही कान वापरता येतो. त्या जुन्या पिढीतले अब्दुल करीमखाँ १९३७ साली गेले. त्यांचं जे गाणं आपण ऐकतो ते ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचं, बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं. अल्लादियाखाँचं तर एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांच्या थोरवीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून ती ऐकू येते. पण आजच्या गायकाचा दीड तासाचा ख्याल, थकवा, घसा बसणं, साथीची चुकामूक यांसकट ऐकायचा, आणि त्याची तुलना निवडून, जपून केलेल्या तीन मिनिटांशी करायची, हा हिशोब बरोबरीचा नाही. म्हणून असं वाक्य आलं तर नकार देण्यापेक्षा विचारावं: "त्या पिढीचं कोणतं मुद्रण ऐकू म्हणजे मला ते कळेल?" खरा जाणता दोन नावं सांगेल, कदाचित घरी बोलावून ऐकवेलही. ती दुपार सोन्याची असते. वृद्ध श्रोत्यांपाशी अशा दुपारी पुष्कळ आहेत. आपण त्यांच्या कुरकुरीशी भांडतो आणि त्या दुपारी हुकवतो.

वेळेच्या नियमावरूनही असेच खटके उडतात. मालकंस रात्रीचा, मध्यरात्रीनंतरचा. तो साडेआठला गायला म्हणून काहींचा चेहरा आंबतो. यात रागसमयाच्या शास्त्राइतकाच कायद्याचा भाग आहे, हे लक्षात घ्यावं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले, आणि रात्रभर चालणाऱ्या मैफली अपवादापुरत्या उरल्या. वेळ काटेकोरपणे पाळायची म्हटली तर मध्यरात्रीचे राग जाहीर मैफलीतून जवळजवळ नाहीसे व्हायचे. शिवाय मालकंसाचेच पाच स्वर कर्नाटक पद्धतीत हिंदोळम म्हणून गायले जातात आणि तिथे वेळेचं बंधन इतकं कडक नाही. ज्यांना साडेआठचा मालकंस खटकतो त्यांचं खटकणं खोटं नाही. सवयीने घडलेला कान असतो तो. पण ते आपलं खटकणं आहे, गायकाचा गुन्हा नाही, एवढा फरक बोलण्यात आला की पुरे.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. पुष्कळ चांगल्या श्रोत्यांना काय कळलं ते शब्दांत सांगता येत नाही. त्यांना श्रुतींची नावं येत नाहीत, ठाट माहीत नाहीत, पण गायकाने तिसऱ्या मिनिटाला खोटी जागा घेतली की त्यांचा चेहरा बदलतो, आणि तो चेहरा बरोबर असतो. मग "सांगता येत नसेल तर तो तोरा" ही कसोटी त्यांच्यावर अन्याय नाही का करत? आक्षेप रास्त आहे, म्हणून कसोटी नीट समजून घेऊ. शब्दांत सांगता यावं अशी अट नाही. बोट दाखवता यावं एवढीच आहे. "ही तान परत ऐक", "इथे तो गांधारावर किती थांबला ते बघ", किंवा नुसतं गुणगुणून दाखवणं, हे पुरेसं आहे. ज्याला खरंच कळलेलं असतं त्याला जागा दाखवता येते. तोरेबाजाला जागा दाखवता येत नाही, कारण त्याचं विधान त्या जागेबद्दल नव्हतंच.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक: दरवाजे इतके उघडले, सगळ्यांना सांभाळून घेतलं, तर दर्जा राहणार कसा? शिष्टपणाच्या धाकानेच वाईट गाणं बाहेर राहतं, असं मानणारे आहेत. मला हे पटत नाही. धाकाने फक्त बोलणं बंद होतं, आणि न बोलणारा श्रोता कोणतीच मागणी करत नाही. बोलणाऱ्या श्रोत्याचं उदाहरण म्हणजे वामनराव देशपांडे, व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. जयपूरची तालीमही त्यांनी घेतली होती. 'घरंदाज गायकी' या १९६१ च्या पुस्तकात त्यांनी स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून घराण्यांची मांडणी केली. एका टोकाला स्वरप्रधान किराणा, दुसऱ्या टोकाला लयप्रधान आग्रा आणि मध्ये समतोल साधलेलं जयपूर. आपल्याच घराण्याला मधलं मानाचं पान वाढलं, हा आक्षेप त्यांच्यावर घेता येतो आणि तो घेतला पाहिजे. पण तो घेता येतो, हेच महत्त्वाचं. त्यांनी आपली बाजू ऐकण्याजोग्या गोष्टींवर उभी केली, म्हणून किराण्याच्या माणसालाही ध्वनिमुद्रण लावून त्यांना खोडून काढता येतं. दर्जा टिकतो तो अशा वादांनी. भुवई उंचावल्याने फार तर पहिली रांग टिकते.

आता नव्या श्रोत्याने करायच्या काही गोष्टी. आवडलं ते आधी सांगा, पण शक्य तितकं नेमकं सांगा. "मस्त झालं"ला कोणी काही उत्तर देऊ शकत नाही. "दुसऱ्या रागात तो वरच्या षड्जावर थांबला तेव्हा अंगावर काटा आला" याला उत्तर देता येतं. राग कोणता होता हे विचारायला लाजू नका. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर अगदी तेच आहेत. फरक एवढाच की भूप गांधारावर विसावतो आणि देशकार धैवताभोवती, वरच्या अंगाने फिरतो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही तसंच: स्वर तेच, पण पूरिया मंद्रात रमतो, सोहनी तार षड्जाकडे झेपावते आणि मारवा ऋषभ-धैवतावर षड्जाला हुलकावणी देत राहतो. असे राग ओळखताना मुरलेले श्रोतेही क्षणभर थांबतात. तुम्ही विचारलं म्हणजे अडाणी ठरलात असं नाही. कोणी टोचून बोललं, "तुम्हाला एवढंही माहीत नाही?" तर "नाही, सांगाल का?" एवढंच म्हणावं, आणि मग खरोखर ऐकावं. त्यात उपरोध नको. उपरोध आला की सामना सुरू होतो. मैफल चालू असताना मात्र वाद टाळावा. शेजाऱ्याच्या कानात रागाचं नाव पुटपुटण्याची घाईही नको. त्या दोन मिनिटांत गायक राग हळूहळू उघडत असतो आणि तुम्ही पाकिटावरचा पत्ता वाचून दाखवता.

उलटा तोराही असतो, तो ओळखून ठेवावा. "आम्हाला ते शास्त्र-बिस्त्र नको, आम्ही मनाने ऐकतो" असं म्हणणाऱ्याला वाटतं आपण नम्र आहोत. प्रत्यक्षात तो ज्ञान असलेल्या माणसाला हृदय नाही असं सुचवत असतो. शुद्ध-कोमल कळणाऱ्याच्या डोळ्यांतही पाणी येतं. कसोटी इथेही तीच: मनाला काय लागलं, कुठे लागलं?

मंडळ चालवणाऱ्यांच्या हातात सगळ्यात जास्त आहे, आणि त्यांना फार खर्चही येत नाही. कलाकाराने सांगितलं नाही तर राग, ताल आणि बंदिशीचे सुरुवातीचे शब्द फळ्यावर लिहून ठेवावेत. नवख्याला विचारावं लागत नाही आणि जाणत्याला सांगून मिरवावं लागत नाही. वर्षातून काही श्रवणसत्रं ठेवावीत, आणि त्यांत एकच राग दोन परंपरांतून ऐकवावा, तोही गायकाचं नाव आधी न सांगता. नाव झाकलं की मतं किती बदलतात, हे एकदा तरी अनुभवण्यासारखं आहे. पहिल्या रांगेला हा प्रयोग फारसा आवडत नाही, म्हणून तो जरूर करावा. चर्चेला सूत्रधार असावा आणि त्याचं काम एकच: कोणी निकाल दिला की "कुठे?" असं विचारायचं. जागा राखून ठेवण्याची पद्धत असेल तर देणगीदारांच्या दोन खुर्च्या पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सोडाव्यात. शेवटच्या रांगेत खांबामागे बसून कोणाला गाण्याची गोडी लागल्याचं ऐकिवात नाही. आणि ज्येष्ठ सभासदांना मंडळाने नुसते सल्लागार म्हणून न ठेवता, त्यांच्याकडची मुद्रणं आणि आठवणी यांची बैठक लावावी. ज्याला सांगायला जागा मिळते तो टोमणे कमी मारतो.

काही वर्तुळं मात्र सुधारत नाहीत. तिथे प्रश्न विचारला की हसतात, बाईने तालाबद्दल काही म्हटलं की तेच वाक्य एखादा पुरुष पुन्हा म्हणेपर्यंत ते कोणाला ऐकू येत नाही, आणि प्रत्येक गायकाची कुळकथा त्याच्या गाण्याच्या आधी निघते. तिथे चार-सहा वेळा "कुठे?" विचारून पाहावं. उत्तर येत नसेल तर पुढच्या वर्षाची वर्गणी भरू नये. ते पैसे दोन मैफलींच्या तिकिटांना लावा, भारतीय बैठकीत मांडी घालून बसा, आणि मध्यंतरात शेजारी एकटा चहा पिणारा कोणी दिसला तर त्याला काय आवडलं ते विचारा.